भुज, कोटी आणि कर्ण



वसंतातल्या संध्याकाळी, दिवसभर उन्हाने भाजून निघाल्यावर, भूमितीवर बोलणाऱ्या माणसाला ऐकायला इतकी मंडळी जमावीत, हे पाहून प्रथम मला धीर आला आणि मागोमाग भीतीही वाटली. आपल्यापैकी पुष्कळांची भूमितीशी शेवटची गाठ परीक्षेच्या मांडवात पडली असेल आणि ती फारशी प्रेमाची नसेल. म्हणून आज मी प्रमेये मांडणार नाही. काटकोन त्रिकोणाला तीन बाजू असतात. त्या तीन बाजूंना माणसांनी कोणकोणती नावे दिली आणि ती देताना त्यांच्या डोळ्यांपुढे काय होते, एवढीच गोष्ट मला सांगायची आहे.

या गोष्टीकडे मी वळलो तो माझ्या स्वतःच्या एका फजितीमुळे. पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका शाळेत गणित शिकवीत असे. पाया, उंची आणि कर्ण यांचा नियम मुलांना तोंडपाठ झाला होता. निदान मला तसे वाटत होते. एके दिवशी मी फळ्यावर त्रिकोण जरा वेगळा काढला. काटकोन वर ठेवला आणि त्याच्या समोरची बाजू खाली आडवी घातली. खालच्या बाजूवर १० लिहिले, एका तिरप्या बाजूवर ६ लिहिले आणि तिसरी विचारली. जवळजवळ साऱ्या वर्गाने १०० आणि ३६ यांची बेरीज करून १३६ चे वर्गमूळ काढायला घेतले. खाली आडवी आहे ती रेघ म्हणजे पाया, असे त्यांचे साधे गणित. एकाने मात्र वही हातात धरून फिरवून पाहिली, मान तिरपी केली, आणि तो हळूच म्हणाला, "आठ." मी बाकीच्यांवर रागावलो. घरी आल्यावर लक्षात आले की चूक मुलांची नव्हती. पाया हा शब्द घराचा आहे. घराचा पाया खालीच असतो. मी त्यांना शब्द दिला घराचा, आणि अपेक्षा केली की त्यांनी घर विसरावे.

तेव्हापासून एक प्रश्न मनात घोळत राहिला. ज्यांनी हा त्रिकोण प्रथम हाताळला त्यांनी त्याच्या बाजूंना काय म्हटले असेल?

आपल्याकडचे सर्वांत जुने उत्तर शुल्बसूत्रांत आहे. शुल्ब म्हणजे दोरी. यज्ञाच्या वेदी आणि चिती कशा आखाव्यात याचे नियम या सूत्रांत सांगितले आहेत. बौधायनाचे शुल्बसूत्र त्यांत जुने. त्याचा काळ सामान्यतः इ. स. पू. ८०० ते ५०० यांच्या दरम्यान मानतात. आता मौज अशी की आपण ज्याला काटकोन त्रिकोणाचा नियम म्हणतो तो बौधायन त्रिकोणाविषयी सांगतच नाही. तो बोलतो लांबट चौकोनाविषयी. चौकोनाची लांबी ती पार्श्वमानी, रुंदी ती तिर्यङ्मानी, आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपी ताणलेली ती अक्ष्णयारज्जू. रज्जू म्हणजे पुन्हा दोरीच. त्याच्या म्हणण्याचा आशय असा: लांबीची दोरी आणि रुंदीची दोरी वेगवेगळ्या जे निर्माण करतात, ते दोन्ही मिळून तिरपी दोरी एकटी निर्माण करते. दोरी निर्माण काय करते? चौरस. म्हणजे तिच्यावर उभारलेली तेवढी जमीन. वर्गांची बेरीज, वर्गमूळ, ही भाषा येथे नाही. एक दोरी, दुसरी दोरी, आणि त्या दोघींचे काम करणारी तिसरी दोरी, असा हा रोकडा व्यवहार आहे.

चौरस 'करणारी' दोरी म्हणून तिला करणी असेही म्हणत. दोन चौरसांएवढे क्षेत्र करणारी ती द्विकरणी, तिनांएवढे करणारी ती त्रिकरणी. आजही आपली मुले शाळेत 'करणी' नावाचा धडा शिकतात. √२, √३ यांना आपण करण्या म्हणतो. वेदीवर ताणलेल्या दोरीचे नाव बीजगणिताच्या पुस्तकात येऊन बसले आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही. (करणी आणि कर्ण हे शब्द मात्र एकमेकांचे कोणी नव्हेत. कर्णाकडे मी पुढे येणार आहे.)

दोरीने काम कसे चालत असे ते पाहण्यासारखे आहे. सोमयागातली महावेदी पूर्वपश्चिम ३६ प्रक्रम, म्हणजे ३६ पावले लांब. पश्चिमेची बाजू ३०, पूर्वेची २४. आपस्तंब सांगतो: ३६ ची दोरी घ्या, तिला १८ ची जोड द्या. झाली ५४. एका टोकापासून १२ वर आणि १५ वर खूण करा. पूर्वपश्चिम रेषेच्या दोन्ही टोकांना खुंट्या ठोकून दोरीची टोके त्यांना बांधा, १५ ची खूण पश्चिमेकडे ठेवून. आता ती खूण धरून दोरी दक्षिणेकडे ताणा. एकीकडे १५ उरले, दुसरीकडे ३९. मधली रेषा ३६. पंधराचे २२५ आणि छत्तीसचे १२९६ मिळून १५२१, आणि तोच ३९ चा वर्ग. म्हणजे पश्चिमेच्या खुंटीशी काटकोन झालाच पाहिजे. तेथे खुंटी ठोकली की वेदीचा एक कोपरा मिळाला. तसाच उत्तरेकडे दुसरा. मग दोरीची टोके अदलाबदल करायची, पूर्वेकडे पुन्हा १५ च्या खुणेने ताणायचे, पण खुंटी मात्र १२ च्या खुणेशी ठोकायची. पश्चिमेच्या कोपऱ्यांना म्हणत श्रोणी, म्हणजे कंबर, आणि पूर्वेच्या कोपऱ्यांना अंस, म्हणजे खांदे. त्यांच्या दृष्टीने ती आकृती नव्हतीच. पूर्वेकडे डोके करून निजलेले ते एक शरीर होते.

एवढ्यावर आपस्तंब थांबत नाही. ३-४-५, ५-१२-१३, ८-१५-१७, १२-३५-३७ या मापांच्या दोऱ्यांनीही तीच वेदी कशी आखता येते ते तो सांगतो. या वेदीचे क्षेत्रफळ ९७२ होते, हे एका बाजूचा तुकडा कापून दुसरीकडे उलटा लावून तो दाखवितो. हे वाचताना त्याच्या हाताला लागलेली माती दिसते. आणि आपल्या गल्लीत घराची आखणी करणारा गवंडी पाहा. सुताची दोरी, एका अंगाला तीन फूट, दुसऱ्या अंगाला चार, आणि तिरपे माप पाच भरले म्हणजे कोपरा गुण्यात आला असे तो म्हणतो. त्याने आपस्तंबाचे नाव ऐकलेले नसते. त्याचे काही अडतही नाही.

येथे सभेतल्या कोणाच्या तरी ओठांवर प्रश्न आला असेल: मग हा नियम आपलाच ना? पायथागोरसाचे नाव त्याला उगीच चिकटले ना? या प्रश्नाला मी टाळणार नाही, पण उत्तर आपल्याला वाटते तितके सोपे नाही. बॅबिलोनच्या मातीच्या विटांवर, इ. स. पू. १८०० च्या सुमारास, म्हणजे बौधायनाच्याही हजारेक वर्षे आधी, हेच ज्ञान कोरलेले सापडले आहे. कोलंबिया विद्यापीठात प्लिंप्टन ३२२ या क्रमांकाची एक वीट आहे. न्यूगेबाउअर आणि सॅक्स या दोघांनी १९४५ मध्ये ती वाचून प्रसिद्ध केली, तेव्हा कळले की तिच्यावरच्या १५ ओळींत काटकोन त्रिकोणांच्या बाजूंचे आकडे आहेत. ते काही ३-४-५ सारखे बोटांवर मोजण्याजोगे नव्हेत. एका ओळीत आखूड बाजू १२७०९ आणि कर्ण १८५४१ आहे. तिसरी बाजू १३५०० येते. चाचपडत कोणाला हे सापडणार नाही, कृती माहीत असली पाहिजे. ही वीट कशासाठी केली होती यावर पंडितांत वाद आहेत. एलिनॉर रॉबसन या विदुषींच्या मते ती विद्यार्थ्यांना घालायच्या उदाहरणांची शिक्षकाने केलेली तयारी असावी. एकेकाळचा शिक्षक म्हणून मला हे मत फार आवडते, आणि आवडते म्हणूनच त्यावर फार भर द्यायला मी कचरतो.

मिसरी लोक १२ गाठींच्या दोरीने ३-४-५ चा त्रिकोण करीत, असे पुष्कळ पुस्तकांत ठामपणे छापलेले असते. मिसरात दोरी ताणून जमिनी आखीत हे खरे. पण त्या विशिष्ट गाठींची कल्पना एकोणिसाव्या शतकात मोरिट्झ कांटोर या जर्मन इतिहासकाराने तर्काने मांडली. एकाचा तर्क दुसऱ्याच्या पुस्तकात गेला की वस्तुस्थिती होतो. आपल्या अभिमानाच्या गोष्टींचेही पुष्कळदा असेच होते. पायथागोरसाविषयी सांगायचे तर तो इ. स. पू. सहाव्या शतकातला, हा शोध लागल्यावर त्याने बैल बळी दिला ही कथा त्याच्या कितीतरी नंतरची. सिसेरोलाही ती खरी वाटली नव्हती.

तेव्हा प्रथम कोण, हा झगडा आपण बॅबिलोनच्या त्या अनाम कारकुनांकडे सोपवून देऊ. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे की त्याच बाजूंकडे निरनिराळ्या लोकांनी निरनिराळ्या नजरेने पाहिले, आणि ती नजर त्यांच्या शब्दांत उमटली. ग्रीकांनी तिरप्या बाजूला जे नाव दिले, ज्यापासून युरोपातला 'हायपोटेन्यूज' हा शब्द आला, त्याचा अर्थ 'खाली ताणलेली'. काटकोन वर, आणि त्याच्या खाली ताणलेली रेषा! माझ्या फळ्यावरची आकृती हीच की. दुसऱ्या बाजूला ते 'काथेटोस' म्हणत, म्हणजे वरून खाली सोडलेली. ओळंब्यालाही तोच शब्द. चिनी लोक तिरप्या बाजूला धनुष्याची दोरी म्हणत आणि उभीला मांडी.

ग्रीकांनी मात्र दोरी हातातून खाली ठेवली. प्लेटोच्या मेनो या संवादात सॉक्रेटिस एका गुलाम पोराला विचारतो: दोन फूट बाजूचा हा चौरस, याच्या दुप्पट क्षेत्राचा चौरस किती बाजूचा? पोरगा म्हणतो, बाजू दुप्पट करा, चार फूट. क्षेत्र होते १६. मग म्हणतो तीन फूट. क्षेत्र होते ९, हवे आहे ८. शेवटी पोरगा कबूल करतो की मला येत नाही, आणि मग सॉक्रेटिस तिरपी रेषा ओढतो. बौधायन हेच एका ओळीत सांगून मोकळा होतो: चौरसाची तिरपी दोरी दुप्पट क्षेत्र करते. पण ती दोरी बाजूच्या किती पट? बौधायन मोजून देतो: बाजूत तिचा तिसरा भाग मिळवा, त्या तिसऱ्याचा चौथा भाग मिळवा, आणि त्या चौथ्याचा चौतिसावा भाग वजा करा. १०० मीटर बाजूच्या चौरसात या हिशेबाने पाव मिलिमीटरहूनही कमी चूक पडते. दोरीने काम करणाऱ्याला याहून अधिक काय हवे? ग्रीकांना अधिक हवे होते. ही लांबी कोणत्याही अपूर्णांकाने तंतोतंत सांगताच येणार नाही, हे त्यांनी सिद्ध केले. इ. स. पू. ३०० च्या सुमारास यूक्लिडने पहिल्या पुस्तकाच्या ४७ व्या प्रमेयात तिन्ही बाजूंवरचे चौरस काढून नियमाची सिद्धता दिली, आणि ४८ व्यात त्याचा व्यत्यास. गवंडी वापरतो तो हा व्यत्यास: मापे जुळली म्हणून कोन काटकोन.

इकडे आपल्याकडे दोरीच्या जागी हळूहळू धनुष्य आले. वेदी आखणाऱ्यांनंतर हा त्रिकोण ज्योतिष्यांच्या हाती गेला, आणि ज्योतिष्यांची आकृती म्हणजे वर्तुळ. वर्तुळाचा तुकडा धनुष्यासारखा दिसतो म्हणून तो चाप. त्याची दोरी ती ज्या किंवा जीवा. धनुष्याचे टोक ती कोटी. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या आपल्या ग्रंथात भुज, कोटी आणि कर्ण हीच नावे घेऊन नियम सांगितला आहे. जीवा हा शब्द अरबांकडे गेला तो 'जीब' झाला. तो 'जैब' असा वाचला गेला, म्हणजे अंगरख्याची छातीवरची घडी, आपल्या जेबेचाच भाऊ. बाराव्या शतकात लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्यांनी त्या घडीचे 'सायनस' केले, आणि आज मुले जिला 'साइन' म्हणतात ती आपली धनुष्याची दोरी आहे.

ज्योतिष्याचा रोजचा काटकोन त्रिकोण म्हणजे शंकू आणि त्याची सावली. १२ अंगुळांचा शंकू उभा करायचा. तो एक बाजू, सावली दुसरी, आणि शंकूच्या टोकापासून सावलीच्या टोकापर्यंतची अदृश्य रेषा तो छायाकर्ण. रात्रदिवस सारखे असतात त्या दिवशीच्या दुपारची सावली म्हणजे त्या गावाची पलभा. पुण्याची पलभा सुमारे ४ अंगुळे. म्हणजे १४४ आणि १६ मिळून १६०. छायाकर्ण साडेबारा अंगुळांहून थोडा अधिक. येथे तिरपी बाजू ना दोरी आहे ना भिंत. ती नुसती नजर आहे. अशा त्रिकोणात पाया कोणता म्हणाल? सावली दिवसभर फिरते आणि लांबी बदलते.

म्हणूनच भास्कराचार्यांनी लीलावतीत केलेली बाजूंची व्याख्या मला विलक्षण वाटते. शके १०३६ मध्ये, म्हणजे इ. स. १११४ मध्ये, जन्मलेल्या या सह्याद्रीच्या रहिवाशाने ३६ व्या वर्षी सिद्धान्तशिरोमणी लिहिला. लीलावती त्याचाच भाग. ते सांगतात त्याचा अर्थ असा: तुम्हाला हवी ती बाजू घ्या, तो भुज. तिच्याशी स्पर्धा करणाऱ्या दिशेला जी दुसरी असेल ती कोटी. बस्स. खाली नाही, वर नाही, आडवी नाही, उभी नाही. दोन्ही नावे तुमच्या निवडीवर अवलंबून. निवड बदला, नावे बदलतील. तिसरी बाजू मात्र कोणाच्या निवडीची वाट पाहत नाही, ती कर्णच राहते. काटकोनाला 'स्पर्धा करणारी दिशा' म्हणणे किती नेमके आहे! एका दिशेने कितीही चालत गेलात तरी दुसरीकडे तसूभर सरकत नाही. मला हे त्या वर्गात सांगता आले असते तर वही फिरवणारा तो एकटा मुलगा एकटा राहिला नसता.

कर्ण म्हणजे कान. कवितेत लिहिणाऱ्या गणित्यांना समानार्थी शब्द लागतात, म्हणून कर्णाला श्रुती म्हणायचे, श्रवण म्हणायचे. भास्कराचार्य बीजगणितात एक उदाहरण घालतात, त्यात १५ साठी तिथी आणि २० साठी नख हे शब्द आहेत: भुज तिथींइतका, कोटी नखांइतकी, तर श्रुती किती? अनोळखी वाचकाला हा मंत्र वाटेल. पण प्रश्न एवढ्यावर संपत नाही. ते पुढे विचारतात: हे जे गणित रूढ झाले आहे त्याची उपपत्ती सांग. उत्तर सर्वांनाच येत होते. कारण विचारणे हा त्या उदाहरणाचा हेतू होता.

आणि मग ते काय करतात? त्रिकोण फिरवितात! कर्णाला खाली घेऊन भूमी मानतात आणि काटकोनातून त्यावर लंब टाकतात. कर्णाला अज्ञात म्हणून 'या' हे अक्षर दिले. लंबाने केलेले दोन लहान त्रिकोण मूळ त्रिकोणाच्याच घडणीचे, म्हणून त्रैराशिक लागते: 'या' एवढ्या कर्णाला भुज १५, तर १५ एवढ्या कर्णाला किती? २२५ भागिले या. दुसऱ्या बाजूने ४०० भागिले या. हे दोन तुकडे मिळून कर्ण पुरा होतो, म्हणून या गुणिले या बरोबर ६२५, आणि या म्हणजे २५. दुसरी उपपत्ती याहून डोळ्यांना सुखकर. तसेच चार त्रिकोण घेऊन कर्ण बाहेर येतील असे चौरसात मांडा. मध्ये ५ बाजूचे लहानसे चौरस भोक उरते. चार त्रिकोणांचे ६००, भोकाचे २५. पश्चिमेकडच्या पुस्तकांत अशी गोष्ट सांगतात की भास्कराचार्यांनी ही आकृती काढून खाली फक्त 'पाहा' एवढेच लिहिले. गोष्ट गोड आहे, पण ज्याने आकडे मांडून कारण समजावले त्याच्यावर ती थोडा अन्यायच करते.

लीलावतीतली उदाहरणे तर ऐकणाऱ्याला हसवीत शिकवितात. नऊ हात उंच खांब, खाली सापाचे बीळ, खांबावर मोर. सत्तावीस हातांवर साप दिसतो, बिळाकडे निघालेला. मोर तिरपी झेप घेतो. दोघे सारखेच अंतर तोडतात, तर गाठ बिळापासून किती हातांवर? उत्तर १२, दोघांनीही १५ हात तोडले. हेच जुन्या वेलीचे फळ आहे. वाऱ्याने मोडलेल्या बांबूचे उदाहरण लीलावतीत ३२ हातांचे आहे, आणि चिनी नऊ प्रकरणांच्या जुन्या गणितग्रंथात तसलाच बांबू १० मापांचा आहे. कोणी कोणाकडून घेतला, की बांबू सगळीकडेच मोडतात, हे ज्याने त्याने ठरवावे.

पुढे फैजीने १५८७ मध्ये लीलावती फारसीत नेली, आणि अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सवाई जयसिंगाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटाने अरबीतून यूक्लिड संस्कृतात आणला. त्या ग्रंथाचे नाव रेखागणित. दोरीचा आणि ओळंब्याचा असे दोन्ही प्रवाह एका भाषेत आले ते तेव्हा. शाळेतली आपली मिश्र भाषा, कर्ण भास्कराचार्यांचा आणि प्रमेय पायथागोरसाचे, त्यानंतरची.

एक स्थळ सांगायचे राहिले. खानदेशात चाळीसगावजवळ पाटण आहे. तेथे देवीच्या देवळात सापडलेला शके ११२८ चा, म्हणजे इ. स. १२०७ चा, शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये प्रसिद्ध केला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून त्याने येथे मठ स्थापला, आणि निकुंभ वंशातल्या सोइदेव व हेमाडिदेव या भावांनी त्याला देणग्या दिल्या. लेखाचा बराचसा भाग संस्कृत श्लोकांत आहे. शेवटी मात्र भाषा बदलते आणि जुनी मराठी येते, कारण आता हिशेब सांगायचा आहे: बाजारात माल घेणाऱ्या गिऱ्हाइकांकडून मठाला काय मिळावे, पोफळी किती, घाण्याचे तेल किती.